युनियन नसलेल्यांचा पगार नक्की कोण ठरवतं?

ओळंबा

अमेरिकेच्या दक्षिण भागात गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात मी गेली अकरा वर्षं मेंटेनन्सला आहे. आमच्याकडे युनियन नाही, कधीच नव्हती. २०२३ च्या नोव्हेंबरात एक दिवस शिफ्ट सुटताना पंचिंगच्या घड्याळाशेजारी कागद लावलेला दिसला. सगळ्यांचा ताशी दर वाढला होता, शिवाय सगळ्यात वरच्या दराला पोचायला जितकी वर्षं लागायची ती जवळजवळ निम्म्यावर आणली होती. कोणी मागितलं नव्हतं, कोणी साधा अर्जसुद्धा केला नव्हता. आमच्या लाइनवरचा एक म्हातारा वेल्डर आहे, तीस वर्षं झाली त्याला, तो कागद वाचून एवढंच म्हणाला, "हे पैसे डेट्रॉइटच्या पोरांनी आणलेत."

झालं होतं ते असं. १५ सप्टेंबर २०२३ ला युनायटेड ऑटो वर्कर्सने (यूएडब्ल्यू, गाडी कामगारांची युनियन) फोर्ड, जनरल मोटर्स आणि स्टेलांटिस या डेट्रॉइटच्या तीन गाडी कंपन्यांकडे एकाच वेळी संप सुरू केला, सहाएक आठवडे चालला आणि एप्रिल २०२८ पर्यंत मूळ पगारात २५ टक्के वाढीचा करार पदरात पडला. त्यानंतर काही आठवड्यांत टोयोटा, होंडा, ह्युंदाई सगळ्यांनी आपापल्या अमेरिकेतल्या कारखान्यांत वाढ जाहीर केली. होंडाने ११ टक्के दिले, ह्युंदाईने तर २०२८ पर्यंत २५ टक्के सांगितले. यांच्याकडे युनियन नाही हे लक्षात घ्या.

तेव्हापासून एक प्रश्न डोक्यातून जात नाहीये. त्यांनी भांडून मिळवलं की आम्हाला न मागता मिळतं, तर मग त्यांचं बळ गेली चाळीस वर्षं कमी होत गेलं तेव्हा आमचंही न सांगता कमी होत गेलं असणार ना? १९८३ मध्ये खाजगी क्षेत्रात शंभरातले जवळपास १७ जण युनियनचे सभासद होते, २०२४ मध्ये सहासुद्धा नाहीत. युनियनवाल्याचं काय गेलं ते त्याच्या करारात दिसतं. माझं काय गेलं ते कुठे दिसणार?

गोगलगाय

कालवा वाहता असला की काठच्या विहिरींना पाणी असतं. कालवा आटला की विहिरीचा मालक म्हणतो यंदा झराच कमी आहे.

आकडेमोड

ओळंबा, याच्यावर काम झालेलं आहे. २०१६ मध्ये इकॉनॉमिक पॉलिसी इन्स्टिट्यूटने जेक रोझेनफेल्ड, पॅट्रिक डेनिस आणि जेनिफर लेर्ड यांचा एक अहवाल काढला, त्यात हाच प्रश्न होता. त्यांनी विचारलं की खाजगी क्षेत्रात युनियनचं प्रमाण १९७९ इतकंच राहिलं असतं तर २०१३ मध्ये युनियनमध्ये नसलेल्यांना किती मिळालं असतं. १९७९ मध्ये खाजगी क्षेत्रातल्या पुरुषांपैकी साधारण तीनातला एक युनियनमध्ये होता. उत्तर आलं की युनियनबाहेरच्या पुरुषांना सरासरी ५ टक्के, म्हणजे आठवड्याला ५२ डॉलर जास्त मिळाले असते. ज्यांच्याकडे कॉलेजची पदवी नाही त्यांना ८ टक्के. अशा सगळ्या पुरुषांचं मिळून वर्षाला १०९ अब्ज डॉलर. हे सगळे पैसे अशा लोकांचे ज्यांनी आयुष्यात कधी वर्गणी भरली नाही की संपात उभे राहिले नाहीत.

बायकांसाठी आकडा २ ते ३ टक्के आहे. त्याचं कारण सरळ आहे, ज्या खाजगी उद्योगांत युनियन तगड्या होत्या तिथे बायका मुळातच कमी होत्या, त्यामुळे त्यांच्यापर्यंत पोचणारं पाणी आधीच कमी होतं (गोगलगायची उपमा उसनी घेतो).

सरळरेघ

थांबा जरा, मला हे इतकं सरळ वाटत नाही. ज्या काळात युनियन घटल्या त्याच काळात आयात वाढली, यंत्रं आली, २००१ ला चीन जागतिक व्यापार संघटनेत आला, कारखाने दुसरीकडे गेले. जिथे युनियन होत्या नेमके तेच उद्योग सगळ्यात जास्त मार खाऊन बसले. मग पगार युनियन गेल्यामुळे पडला की दोन्ही गोष्टी एकाच तिसऱ्या कारणाने झाल्या?

आणि दुसरं, अर्थशास्त्रात उलटाही तर्क आहे आणि तो जुना आहे. युनियनने पगार चढवला की मालक माणसं कमी घेतो. ज्यांना तिथे जागा मिळत नाही ते सगळे युनियन नसलेल्या कामांकडे वळतात, तिथे गर्दी होते आणि तिथला पगार उतरतो. या हिशोबाने युनियन घटल्या की बाहेरच्यांचा पगार वाढायला हवा. तुमचा वेल्डर एका बाजूचंच बोलतोय.

आकडेमोड

सरळरेघ, तर्क बरोबर आहे, तसा परिणाम असतोच. पण त्याच्या समोर दुसरा परिणाम आहे, धाकाचा. माझ्याकडे युनियन येऊ नये म्हणून मालक आधीच थोडं जास्त देऊन ठेवतो. दोन्ही एकाच वेळी चालू असतात, प्रश्न इतकाच की वजन कुणाचं जास्त. गर्दीचा परिणाम मोठा असता तर गेल्या चाळीस वर्षांत युनियन नसलेल्या कमी शिकलेल्या पुरुषांची चांदी व्हायला हवी होती. झाली का? आयात आणि यंत्रांचा वाटा वेगळा काढणं अवघड आहे हे मात्र मान्य, त्यामुळे ते ५ टक्के म्हणजे दगडावरची रेघ असं मीही म्हणणार नाही.

लेखणी

मी या चर्चेतल्या दुसऱ्या बाजूला बसलेली बाई आहे. नऊ वर्षं एका मोठ्या कंपनीच्या एचआरमध्ये पगाराच्या टेबलावर होते (कंपनीचं नाव नको). धाकाचा परिणाम पुस्तकात कसा लिहितात माहीत नाही, कामात तो कसा दिसतो ते सांगते.

दर वर्षी बजेटच्या आधी आम्ही एक तक्ता करायचो. डावीकडे कामाची नावं, फोर्कलिफ्ट चालक, पॅकर, इलेक्ट्रिशियन वगैरे. मग रकाने: आपला दर, त्या भागातला बाजारभाव, सोडून जाणाऱ्यांचं प्रमाण. आणि मी लागले तेव्हा शेवटचा एक रकाना असायचा, पन्नास मैलांच्या आत युनियनचा करार असेल तर त्यातला दर. आमचा दर त्याच्या फार खाली गेला की माझे साहेब पेन्सिलने गोल करायचे. तो गोल म्हणजे वाढ. कोणाच्या कामाचं कौतुक म्हणून नाही, कोणी भांडलं म्हणूनही नाही, फक्त अंतर फार पडू नये म्हणून.

मग एकेक करून त्या भागातले करारवाले कारखाने बंद झाले. त्या रकान्यात आधी दोन-तीन आकडे असायचे, मग एक, मग रेघ. एका वर्षी नवीन तक्ता आला त्यात तो रकानाच नव्हता. कोणी काढा म्हणून सांगितलं नव्हतं, रिकामा रकाना कोण ठेवतं? त्यानंतर साहेबांना गोल करायला काही उरलं नाही. आम्ही बाजारभावाशीच तुलना करायचो आणि बाजारभाव म्हणजे काय तर आमच्यासारख्याच बाकीच्या कंपन्यांचा तक्ता. सगळे एकमेकांकडे बघून दर ठरवत होते.

गोगलगाय

लेखणीताई, हे वाचून अंगावर काटा आला खरंच.

पाना_पक्कड

सगळे युनियनची आरती करताय म्हणून माझं सांगतो. मी युनियनवाल्या कारखान्यात होतो, २००९ च्या मंदीत नोकरी गेली. माझं काम चांगलं की वाईट हे कोणी बघितलं नाही, शेवटी लागलेला पहिला बाहेर, सिनिऑरिटी म्हणजे सिनिऑरिटी. वर्गणी मात्र पहिल्या पगारापासून कापत होते. आणि मी लागलो तोच मुळात खालच्या दराने, कारण २००७ च्या करारात यूएडब्ल्यूनेच मान्य केलं होतं की नवीन माणसाला साधारण १४ डॉलर, जुन्याला त्याच्या दुप्पट. एकाच लाइनवर समोरासमोर उभे राहून एकच बोल्ट आवळायचो आम्ही. तो माणूस वाईट नव्हता, मला डबा ठेवायला त्याच्या लॉकरात जागा द्यायचा, पण पगाराच्या दिवशी आम्ही एकमेकांशी बोलायचो नाही.

ओळंबा

पाना_पक्कड, वाईट वाटलं वाचून. पण बघा, तुम्ही सांगताय ते माझ्या प्रश्नाच्या बाजूनेच जातंय. युनियनने तिथे हात टेकले तेव्हा तो १४ डॉलरचा आकडा तुमच्या गेटच्या आतच राहिला असेल का?

लेखणी

नाही राहिला. आमच्याकडे त्यानंतर नवीन माणसांचा सुरुवातीचा दर कित्येक वर्षं हलला नाही. मीटिंगमध्ये कोणीतरी म्हणायचंच, अहो, ते डेट्रॉइटवाले चौदाला घेतात, आपण कशाला जास्त द्यायचे.

पाना_पक्कड

हं. हे मला माहीत नव्हतं.

शुश्रूषा

मी नर्स आहे, आमच्या हॉस्पिटलात युनियन नाही, गावातल्या दुसऱ्या मोठ्या हॉस्पिटलात आहे. त्यांचा करार झाला की दोन-तीन महिन्यांत आमच्याकडे मार्केट अॅडजस्टमेंट नावाने थोडी वाढ येते हे इतक्यांदा बघितलंय की आता आम्ही त्यांच्या वाटाघाटीच्या तारखा पाठ ठेवतो. त्यांची एक पुढारी नर्स माझी मैत्रीण आहे. मी तिला म्हणते तू आमच्यासाठी भांडतेस, ती म्हणते मग ये की आमच्यात. यावर मला उत्तर देता येत नाही.

पण फक्त पगाराचं बोलू नका. कॅलिफोर्नियात एका नर्सकडे जास्तीत जास्त किती पेशंट हे कायद्याने ठरलेलं आहे. तो कायदा १९९९ चा, लागू झाला २००४ ला, आणि तो व्हावा म्हणून वर्षानुवर्षं रेटा लावला तो तिथल्या नर्सेस असोसिएशनने, म्हणजे युनियननेच. फायदा मात्र तिथल्या प्रत्येक हॉस्पिटलातल्या प्रत्येक नर्सला, सभासद असो नसो. रात्रपाळीत पाच पेशंट आणि नऊ पेशंट यातला फरक पगाराच्या चिठ्ठीवर दिसत नाही, पहाटे चारला पायात दिसतो.

टाचणी

म्हणजे आयत्या बिळावर नागोबा. इतरांनी घाम गाळायचा आणि तुम्ही लोकांनी वाढ घ्यायची. ओळंबा, तुमच्या कारखान्यात युनियन हवी की नको याचं मतदान झालं असतं तर तुम्ही काय मत दिलं असतं ते आधी सांगा.

ओळंबा

टाचणी, बोललात ते लागलं पण खोटं नाही. दहा वर्षांपूर्वी झालं असतं तर मी विरोधात दिलं असतं. व्हिसावर होतो, नोकरी गेली तर सगळं गेलं अशी अवस्था, आणि सुपरवायझर येताजाता सांगायचे की युनियन आली तर प्लांट बंद होईल. आज दिलं तर बाजूने देईन. नागोबा म्हणा हवं तर, पण मला बीळ कुणी खणलं तेच इतकी वर्षं माहीत नव्हतं.

जुनी_फाइल

टाचणी, एकट्या ओळंबाला धरून काय उपयोग, कायदाच तसा आहे. १९३५ च्या वॅग्नर कायद्याने युनियन करायचा हक्क दिला (शेतमजूर आणि घरकामगार तेव्हाच वगळले होते, ते आजही बाहेरच). १९४७ च्या टाफ्ट-हार्टली कायद्याने राज्यांना मुभा दिली की करार सगळ्यांना लागू होईल पण वर्गणी सक्तीची करता येणार नाही. आज अशी २६ राज्यं आहेत. मिशिगनने २०२३ मध्ये आपल्याकडचा तसा कायदा रद्द केला, असं बऱ्याच दशकांनी घडलं. वर्गणी न भरता फायदा मिळतो म्हटल्यावर सभासद गळतात, सभासद गळले की करार कमकुवत होतो.

आणि पाझर किती लांब जायचा त्याचं उदाहरण देतो. १९५० मध्ये जनरल मोटर्स आणि यूएडब्ल्यूने पाच वर्षांचा करार केला, लोक त्याला डेट्रॉइटचा तह म्हणायचे. पेन्शन, आरोग्य विमा, महागाईप्रमाणे वाढणारा पगार. बाकीच्या गाडीवाल्यांनी तो उचलला, मग पोलाद, रबर, आणि पुढे पुढे ज्या ऑफिसांत युनियनचं नावही कोणी काढलं नव्हतं तिथल्या टेबलावरच्या कारकुनांनाही पेन्शन मिळायला लागलं. त्या कारकुनाला वाटायचं कंपनी किती चांगली आहे.

उतरती कळा कधी लागली म्हणाल तर लोक १९८१ दाखवतात. राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी संपावर गेलेल्या ११,००० हून जास्त एअर ट्रॅफिक कंट्रोलरना एका फटक्यात काढलं. ते सरकारी नोकर होते, पण खाजगी मालकांनी धडा घेतला. हजाराहून जास्त कामगारांचे मोठे संप १९५२ मध्ये ४७० झाले होते, २००९ मध्ये फक्त ५. ज्या संपाची भीतीच उरली नाही त्याच्या धाकाने कोण पगार वाढवेल?

सरळरेघ

जुनी_फाइल, माहिती चांगली आहे, पण १९५० साली अमेरिकेला स्पर्धाच नव्हती हेही लिहा की. युरोप, जपान युद्धात बेचिराख झालेले. तेव्हा वाटायला पैसे होते.

जुनी_फाइल

वाटायला होते हे खरंच. पण होते म्हणून आपोआप वाटले गेले असं नाही ना. आजही नफा आहे.

दूरदेशी

मी फ्रान्समध्ये असतो, मला हा धागा वाचून वेगळंच वाटतंय. इथे युनियनचे सभासद दहातला एक, म्हणजे अमेरिकेत सरकारी-खाजगी मिळून आहेत साधारण तितकेच. तरीही नव्वद टक्क्यांहून जास्त कामगारांना कुठला ना कुठला सामूहिक करार लागू आहे, कारण करार एका कारखान्यापुरता नसतो, अख्ख्या क्षेत्राचा असतो आणि सरकार तो सगळ्या मालकांना लावतं. मी ज्या छोट्या ऑफिसात आहे तिथे आम्ही फक्त सात जण, सभासद एकही नाही, तरी माझ्या पगाराच्या चिठ्ठीवर कुठला करार लागू ते छापलेलं असतं. त्यामुळे माझा किमान दर कोणी ठरवला हे मला दर महिन्याला दिसतं. तुमच्याकडे प्रत्येक प्लांटचं वेगळं मतदान, वेगळं भांडण, त्यामुळे बाहेरच्याला जे मिळतं ते फक्त मालकाच्या धास्तीतून.

टाचणी

सात जणांच्या ऑफिसला करार! भाग्यवान आहात.

शुश्रूषा

चिठ्ठीवर छापलेलं असतं हे फार आवडलं मला.

खिळा_हातोडा

बांधकामात अमेरिकेतसुद्धा थोडंफार तसं आहे. केंद्र सरकारच्या पैशाचं काम असेल तर १९३१ चा डेव्हिस-बेकन कायदा लागू होतो, त्या भागात त्या कामाचा जो प्रचलित दर तो द्यावाच लागतो. जिथे युनियन मजबूत तिथे प्रचलित दर म्हणजे बहुतेक वेळा युनियनचाच दर निघतो. मी युनियनमध्ये नाही, पण तशा पैशातल्या इमारतीचं काम लागलं की माझा ताशी दर एकदम चढतो आणि नंतर खाजगी घराच्या कामावर गेलो की परत खाली. तोच हातोडा, तोच मी. तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला दर दोन-तीन महिन्यांनी असं रोख मिळतं.

पाना_पक्कड

मग युनियन नसलेल्यांनी करायचं काय, डेट्रॉइटकडे डोळे लावून बसायचं?

जुनी_फाइल

नाही. युनियन नसली तरी एकत्र येऊन बोलण्याला, पगार एकमेकांना सांगण्याला त्याच १९३५ च्या कायद्याचं संरक्षण आहे, हे बहुतेकांना माहीतच नसतं. बाल्टिमोरच्या एका अॅल्युमिनियम कारखान्यात १९५९ च्या जानेवारीत जागा गरम ठेवणारी भट्टी बंद पडली, कडाक्याची थंडी, सात कामगार एकत्र काम सोडून घरी गेले. युनियन नव्हती. मालकाने सातही जणांना काढलं. १९६२ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्यांच्या बाजूने निकाल दिला.

लेखणी

हे खरं आहे, आणि आमच्याकडे तरीही लोकांना सांगितलं जायचं की पगार गोपनीय ठेवा. मीच ते पत्र टाइप केलेलं आहे. आज मी ते केलं नसतं.

आणखी एक. वाढ देणं हा युनियन अडवायचा सगळ्यात स्वस्त मार्ग असतो हे आमच्याकडे उघड बोललं जायचं. २०२४ च्या एप्रिलमध्ये चॅटनूगाच्या फोक्सवॅगनमध्ये ७३ टक्के मतं युनियनच्या बाजूने पडली, पुढच्याच महिन्यात अलाबामातल्या मर्सिडीजमध्ये ५६ टक्के विरोधात. मर्सिडीजने मतदानाच्या आधी नव्या-जुन्यांच्या पगारातला भेद काढून टाकला होता. म्हणजे हरलेल्या मतदानातूनही लोकांना काहीतरी मिळालं. पण ते लिहून दिलेलं नसतं, उद्या परत घेता येतं. ओळंबा, तुमच्या नोव्हेंबरच्या कागदावर कुणाची सही होती का?

ओळंबा

सही नव्हती. नुसता कंपनीचा शिक्का.

काल त्या वेल्डरला हा सगळा धागा मी इंग्रजीत वाचून दाखवला जेवणाच्या सुट्टीत. तो आकड्यांवर काही बोलला नाही. लेखणीताईंचा रकाना मात्र त्याने मला दोनदा वाचायला लावला. मग उठला आणि लॉकरातून एक प्लॅस्टिकची पिशवी काढून आणली. त्यात घड्याळाशेजारी लागणारे जुने कागद आहेत, उतरवले की तो घडी करून ठेवत आलाय, का ते त्यालाही सांगता आलं नाही. एक नोव्हेंबर १९९६ चा, एक १९९९ चा, एक २००३ चा. तिन्ही वर्षी डेट्रॉइटचे करार झालेले आहेत, मी तपासलं, आणि तिन्ही कागद त्यानंतर काही आठवड्यांतले. वर्षाची किरकोळ वाढ व्हायची ती वेगळी, तिला कागद लागत नाही, ती चिठ्ठीतच येते. असा सगळ्यांचा दर एकदम चढवणारा कागद २००३ नंतर एकदम २०२३ चा. मधे २००७, २०११, २०१५, २०१९ चे करार झाले, त्यांचे कागद नाहीत. मी विचारलं हरवले का, तर म्हणाला, "लागलेच नाहीत."

सरळरेघ

ओळंबा, एका माणसाच्या लॉकरावरून मी मत बदलणार नाही, आणि मधे २००९ ची मंदी आहे हे विसरू नका, तेव्हा कोणीच वाढ देत नव्हतं. पण २०१५ आणि २०१९ ला गाड्यांचा धंदा चांगला चालला होता. त्या दोन वर्षांचं मला उत्तर सुचत नाहीये. त्याला विचाराल का, तेव्हा ओव्हरटाइम किती होता? काम भरपूर असून कागद लागला नसेल तर मग तुमचं म्हणणं बरंच बसतं.

ओळंबा

विचारतो. या आठवड्यात त्याची रात्रपाळी आहे, सोमवारी भेटेल.